मत्स्यपेट्यांची घडवंची

पाण्याचे हंडे व कळशा ठेवण्यासाठीं पूर्वीं शेतकऱ्याच्या घरीं लांकडी घडवंची असे. गांवचा सुतार ती बलुत्यांत करून देई आणि ती दोन पिढ्या टिके. नळ घरांत आला, तशी घडवंची माळ्यावर गेली. परंतु शहराच्या कडेला राहणाऱ्या कांहीं कुटुंबांस ती आज निराळ्या कामासाठीं पुन्हां हवी झाली आहे. शोभेचे मासे पाळून त्यांची पैदास करणें हा थोड्या जागेंत होणारा जोडधंदा आहे, व त्यास एक नव्हे, तर चार-सहा कांचपेट्या लागतात. त्या कशावर ठेवाव्या, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु धंद्याचें भांडवल आणि घराची सुरक्षितता हीं दोन्हीं त्यावर अवलंबून आहेत. म्हणून या लेखांत अशा घडवंचीचा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे.

दिंडोशीचें उदाहरण

मुंबई उपनगर जिल्ह्यांतील बोरीवली तालुक्यांत दिंडोशी हें गांव आहे. साष्टींतील इतर गांवांप्रमाणें येथेंही डोंगराच्या पायथ्याशीं भातखाचरें होतीं. शेजारीं १९४९ सालीं आरेची दुग्धवसाहत झाली. पुढें लोकवस्ती वाढत गेली, व मृणाल गोरे आणि त्यांचे सहकारी यांच्या नागरी निवारा परिषदेनें येथें सामान्य ऐपतीच्या लोकांसाठीं हजारों घरें उभारलीं. गोरेगांवास पिण्याचें पाणी मिळावें म्हणून झगडल्यामुळें ज्या बाईंस लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, त्यांच्याच खटपटीनें हीं घरें झालीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पाणी आणि घर हीं दोन्हीं येथें कष्टानें मिळालेलीं आहेत. घरांत पाण्याचा मोठा सांठा करणारानें दोहोंसही जपलें पाहिजे.

मासे पाळण्याची हौस या शहरांत जुनी आहे. १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, व तेथील मासे पाहून आलेल्या मुलांनीं घरीं बरणींत मासे ठेवण्याचा हट्ट धरावा, हें अनेक कुटुंबांत घडलें. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ सालीं स्थापन झाली. ती दिंडोशीहून फार लांब नाहीं. केंद्र सरकारनें २०२० सालीं सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत परसांतील शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यांत आला, व त्यांत सर्वसाधारण लाभार्थीस चाळीस टक्के आणि स्त्रिया व अनुसूचित जाति-जमाति यांस साठ टक्के साह्य ठरविण्यांत आलें. तात्पर्य, हा केवळ चैनीचा विषय राहिलेला नाहीं.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकानें दिंडोशींतील आपल्या तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत पहिल्या दोन पेट्या मांडल्या, त्या पुस्तकांच्या एका जुन्या मांडणीवर. मांडणी लांकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्यांची होती. दिसण्यांत ती चांगली होती, आणि पुस्तकांचा भार तिनें वर्षानुवर्षें पेलला होता. उन्हाळा निभावला. पावसाळ्यांत हवेंतील ओल आणि पेटी धुतांना उडणारें पाणी यांनीं फळीची कडा पावासारखी फुगली. श्रावणांतल्या एका रात्रीं स्क्रू फळींतून उपसून निघाले, वरची फळी एका अंगास कलली, व पेटीचा खालचा सांधा उकलला. चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी घरभर पसरून खालच्या बिऱ्हाडाच्या छतांतून त्यांच्या तांदळाच्या पिंपांत ठिबकलें. मासे तर गेलेच. पण शेजाऱ्यांसमोर मान खालीं घालावी लागली, तें दुःख अधिक होतें.

दोष मांडणीचा नव्हता. पुस्तकांसाठीं केलेल्या वस्तूवर पाणी ठेवलें, ही चूक लेखकाची. त्यानंतर जी घडवंची केली, ती गेलीं कित्येक वर्षें तसूभरही हललेली नाहीं. तिचेंच वर्णन पुढें दिलें आहे.

भाराचा हिशेब

काम आरंभण्यापूर्वीं वजनाचा हिशेब करावा. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो असतें. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी बाहेरून दोन घनफूट, म्हणजे सुमारें ५६ लिटर मापाची होते. वरची दीड इंच मोकळी जागा, कांचेची जाडी व तळची वाळू वजा जातां तींत सुमारें ४५ लिटर पाणी राहतें. पांच मिलिमीटर जाडीची कांच दर चौरस मीटरास साडेबारा किलो भरते. त्या मानानें पेटीची कांच नऊ किलोंच्या वर जाते. वाळू दहा किलो धरली, तर भरलेली पेटी ६५ ते ७० किलो होते. हिशेबास ७५ किलो घ्यावे. अशा चार पेट्यांचे ३०० किलो आणि घडवंचीचे स्वतःचे सुमारें ६० किलो मिळून साडेतीन क्विंटलांच्या वर भार झाला. हा भार पोत्यांप्रमाणें चार दिवसांनीं उचलला जात नाहीं. तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षें एकाच जागीं राहतो.

आतां जमिनीचा विचार करूं. राहत्या खोलीच्या जमिनीसाठीं दर चौरस मीटरास २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारें २०० किलो भार धरावा, असें भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागांत सांगितलें आहे. आपली घडवंची सुमारें सहा चौरस फूट, म्हणजे अर्ध्या चौरस मीटराहून थोडी अधिक जागा व्यापते. तेव्हां तिच्याखालीं हा भार तिपटीच्या वर जातो. एका कोपऱ्यांत एवढा भार आल्यानें लगेच जमीन खचते असें नव्हे, कारण तो आजूबाजूस वांटला जातो. परंतु निष्काळजीपणास येथें जागा नाहीं, हें यावरून स्पष्ट व्हावें. वरच्या मजल्यावर दोनच थर करावे. घडवंची खोलीच्या मध्यावर न ठेवतां, जिच्याखालीं तुळई आहे अशा भिंतीस लगटून ठेवावी. बाहेर काढलेल्या सज्जावर ती मुळींच ठेवूं नये. जुन्या चाळींतील लांकडी तक्तपोशीवर ठेवण्यापूर्वीं जाणत्या अभियंत्यास दाखवावें. तळमजल्यावर पक्की जमीन असल्यास तिसरा थर करण्यास हरकत नाहीं. मात्र तो उंची वाढवून न करतां दुसरी घडवंची शेजारीं करून साधल्यास अधिक बरें.

मोड कोठें होते?

अडीच-तीन इंची सागवानी पाय भारानें चिरडला, असें कोणीं पाहिलेलें नसेल. चार पायांवर ३६० किलो म्हणजे एका पायावर ९० किलो. एवढा भार उभें लांकूड सहज पेलतें. घडवंची मोडते ती तीन ठिकाणीं. पहिलें, जेथें आडवी पट्टी पायाला केवळ स्क्रूनें टांगलेली असते तेथें. दुसरें, जेथें आडवी पट्टी उंचीनें कमी पडून मधोमध झोळ घेते तेथें. तिसरें, जेथें चौकट तिरपी होऊन पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणें एका अंगास झुकते तेथें. या तिन्हींचा बंदोबस्त केला, म्हणजे काम झालें.

पहिल्यावर उपाय हा, कीं भार खिळ्यावर किंवा स्क्रूवर कोठेंही येऊं देऊं नये. फळीखालीं चौकट, चौकटीखालीं टेकू, टेकूखालीं जमीन, अशा रीतीनें लांकडावर लांकूड बसून भार खालपर्यंत उतरावा. स्क्रू व सरस यांचें काम एवढेंच, कीं लांकडें जागचीं हलूं नयेत. बैलगाडीच्या साटीचा भार आंसावर बसतो, दोरावर नव्हे. तसेंच हें आहे.

दुसऱ्यावर उपाय पट्टी उभी बसविण्याचा. घराच्या तुळया व वासे नेहमीं उभ्या अंगानें घालतात, याचें कारण हेंच. पट्टीची जाडी दुप्पट केली तर तिची ताठरता दुप्पट होते. पण उंची दुप्पट केली तर आठपट होते. उलट, दर फुटावरील भार तोच ठेवून पायांमधील अंतर दुप्पट केलें, तर झोळ सोळापट वाढतो. सव्वाचार फुटांच्या अंतरावर दीड इंच जाड व चार इंच उंच सागवानी पट्टी दोन पेट्यांच्या भारानें एक मिलिमीटरही वांकत नाहीं. तीच पट्टी दोन इंच उंचीची घेतली, तर सुमारें पांच मिलिमीटर वांकेल. एवढ्या झोळानें कांचेचा सांधा उकलण्यास वेळ लागत नाहीं.

तिसऱ्यावर उपाय मागील व बाजूंच्या फळ्यांचा. तो पुढें येईल.

लांकूड कोणतें घ्यावें?

सागवान सर्वांत उत्तम. तें ओलीनें फारसें फुगत नाहीं, वाळवी त्यास सहसा शिवत नाहीं, व त्यांत स्क्रू चांगला बसतो. नवें सागवान महाग पडतें. परंतु जुन्या इमारती पाडतांना निघालेल्या तुळया पुरत्या वाळलेल्या असतात, व त्या चिरून घेतल्यास खर्च वांचतो. मात्र अशा लांकडांतील जुने खिळे आधीं उपटून काढावे, नाहींतर करवतीचे दांते जातील. ऐन मजबूत असतो, पण जड. बाभूळ नांगरास व गाडीस नामी. परंतु वाळतांना ती पिळवटते व चिरते, म्हणून सरळ चौकटीच्या कामास अवघड. आंब्याचें लांकूड स्वस्त असलें तरी ओलींत किडतें; तें घेऊं नये. भुशाच्या दाबीव फळीचा अनुभव वर दिलाच आहे. वरच्या फळ्यांसाठीं पाण्यास टिकणारें, भारतीय मानक ७१० चें प्लायवुड घ्यावें. स्क्रू गंज न धरणाऱ्या पोलादाचे किंवा पितळी असावे. सरस पाण्यास दाद न देणारा असावा.

मापें

वर सांगितलेल्या मापाच्या चार पेट्यांसाठीं, प्रत्येक थरावर दोन या हिशेबानें, पुढील लांकूड लागेल.

चार इंच उंच व दीड इंच जाड लांकडाचे: ५१ इंच लांबीचे ४ तुकडे (चौकटींच्या लांब बाजू) आणि १३ इंच लांबीचे १० तुकडे (आडवे दुवे).

तीन इंच रुंद व दीड इंच जाड लांकडाचे: सव्वाछत्तीस इंचांचे ४ खांब, सव्वापांच इंचांचे ४ आंखूड टेकू आणि २३ इंचांचे ४ लांब टेकू.

पाऊण इंच प्लायवुडच्या ५१ बाय १६ इंचांच्या २ फळ्या. अर्ध्या इंची प्लायवुडची ५४ बाय सव्वाछत्तीस इंचांची १ पाठ, व १६ बाय सव्वाछत्तीस इंचांच्या २ बाजू.

पहिल्या मापाचें लांकूड वाया जाणाऱ्यासह तीस फूट, व दुसऱ्याचें चोवीस फूट आणावें. खालच्या फळीचा माथा जमिनीपासून दहा इंचांवर व वरच्याचा सदतीस इंचांवर येतो. खालच्या पेटीवर सव्वादहा इंच जागा मोकळी राहते; जाळी व हात घालण्यास ती पुरेशी होते. उंची याहून वाढवूं नये, कारण भार जितका उंच तितकी कलंडण्याची भीति अधिक.

बांधणी

प्रथम सर्व लांकूड रंध्यानें सरळ करून घ्यावें. एका जातीचे चारी टेकू एकत्र धरून एकदमच कापावे. त्यांत एका सुताचा जरी फरक राहिला, तरी घडवंची डुगडुगते.

नंतर दोन चौकटी कराव्या. एकावन्न इंची दोन पट्ट्या उभ्या अंगानें समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्यें पांच आडवे दुवे सारख्या अंतरानें बसवावे: दोन टोकांस व तीन मध्यें. गिरमिटानें आधीं भोंक पाडून मगच स्क्रू पिळावा, नाहींतर पट्टीचें टोंक फुटतें. सरस वाळण्यापूर्वीं दोन्ही कर्ण मोजावे. कर्ण सारखे भरले, तर चौकट काटकोनांत आहे असें समजावें. गुण्यावर विसंबण्यापेक्षां ही रीत अधिक खात्रीची.

मग खालच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांखालीं आंखूड टेकू उभे करावे. टेकूची तीन इंची बाजू लांब पट्टीच्या दिशेनें असावी, म्हणजे दीड इंची पट्टी दीड इंची टेकूवर नेमकी बसते. चौकटीच्या दोन्ही टोकांस बाहेरून दोन-दोन खांब लावून, ते टेकूस व चौकटीच्या टोकाच्या दुव्यास सरस व स्क्रू यांनीं पक्के करावे. खालच्या चौकटीवर, त्याच चार कोपऱ्यांत, तेवीस इंची टेकू उभे करावे व त्यांवर दुसरी चौकट बसवावी. टेकूचें टोंक व चौकट यांमध्यें कागद सरकेल इतकीही फट राहूं देऊं नये. फट राहिल्यास भार स्क्रूवर येतो, व ज्या दोषासाठीं हा सारा खटाटोप, तोच पुन्हां मागील दारानें घरांत येतो.

यानंतर पाठ व बाजू लावाव्या. सरस लावून दर सहा इंचांवर स्क्रू मारावा. ही पाठ शोभेसाठीं नाहीं. नुसती चार पट्ट्यांची चौकट हातानें लोटली तरी तिरपी होते. तीवर एक फळी जडली कीं ती तिरपी होऊं शकत नाहीं. ज्यांस सबंध पाठ नको असेल, त्यांनीं निदान दोन तिरप्या पट्ट्या कर्णांवर घालाव्या. वायूच्या नळ्या व विजेच्या तारा यांसाठीं पाठीस दोन भोंकें ठेवावीं. शेवटीं वरच्या फळ्या बसवाव्या. खालच्या फळीच्या चार कोपऱ्यांस टेकूच्या मापाच्या, तीन बाय दीड इंचांच्या खाचा काढाव्या लागतात.

पायांचीं टोंकें जमिनीवरील पाणी वातीप्रमाणें वर ओढतात. म्हणून तीं वार्निशांत चांगलीं भिजवून वाळवावीं व खालीं रबराच्या जाड चकत्या द्याव्या. सर्व घडवंचीस वार्निशाचे किंवा तैलरंगाचे तीन हात द्यावे, आणि वास पूर्ण जाईपर्यंत निदान आठवडाभर तिच्याजवळ मासे आणूं नयेत.

मांडणी व परीक्षा

घडवंची जागेवर ठेवून पाणसळ लावावी. लांबी, रुंदी व दोन्ही कर्णांवर ती पाहावी. फरक असल्यास पायाखालीं पातळ कठीण पट्टी द्यावी. पेटीखालीं पाचर कधीं घालूं नये. मग वरच्या चौकटीस दोन लोखंडी कोन्या लावून त्या पक्क्या भिंतींत बसवाव्या. लहान मुलें वर चढतात, हें विसरूं नये.

पेट्या ठेवण्यापूर्वीं वाळूचीं पोतीं ठेवून परीक्षा घ्यावी. प्रत्येक थरावर दोन पेट्यांच्या दीडपट, म्हणजे सव्वादोनशे किलो भार दोन दिवस ठेवावा. कोठें कुरकुर ऐकूं आली किंवा दोरी ताणून पाहतां पट्टी वांकलेली दिसली, तर तें दुरुस्त करण्याची हीच वेळ.

पूर्वींच्या मत्स्यपेट्या लोखंडी चौकटींत लुकणानें कांच बसवून करीत, व त्या चार कोपऱ्यांवर उभ्या राहूं शकत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिलिकोनच्या सांध्यांच्या, केवळ कांचेच्या पेट्या आल्या. त्यांचा सपाट तळ सर्वत्र सारखा टेकलेला पाहिजे. एखादा वाळूचा खडा खालीं राहिला, तरी कांच तेथून तडकते. म्हणून फळी पुसून पाव इंची मऊ फोमची चादर अंथरावी व तिच्यावर पेटी ठेवावी. प्रथम खालच्या पेट्या अर्ध्या भराव्या, मग वरच्या. एक दिवस थांबून पुन्हां पाणसळ लावावी, व नंतर पुरत्या भराव्या. पेटींतील पाणी हीच शेवटची पाणसळ होय: पाण्याची रेघ वरच्या कडेशीं समांतर नसेल, तर घडवंची कोठेंतरी बसली आहे.

विजेच्या तारेस खालीं झोळ देऊन मग ती खटक्याकडे न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी झोळावरून गळून पडेल व खटक्यांत शिरणार नाहीं.

चार पेट्या कशासाठीं?

गपी, मोली, प्लॅटी हे मासे अंडीं न घालतां पिलांस जन्म देतात, व मुंबईच्या हवेंत ते सहज वाढतात. गपीची मादी साधारण चार आठवड्यांनीं विते. परंतु आईबापच पिलें खातात. म्हणून एका पेटींत जोड्या, दुसरींत विण्यास आलेल्या माद्या, तिसरींत पिलें, आणि चौथींत विक्रीस तयार झालेले मासे, अशी वांटणी करावी लागते. एका पेटीची हौस आणि चार पेट्यांचा धंदा यांत फरक आहे तो हाच. बदललेलें पाणी वाया घालवूं नये. माशांच्या विष्ठेमुळें तें खतासारखें असतें, व कुंड्यांतील भाजीस मानवतें. नको झालेले मासे मात्र ओढ्यांत किंवा तळ्यांत सोडूं नयेत, कारण ते तेथील मूळच्या माशांस जड होतात.

दर वर्षीं मृगापूर्वीं एकदां पाठीचे स्क्रू, पायांचीं टोंकें व चौकटीचे सांधे तपासावे. शेतकरी पेरणीपूर्वीं पाभर तपासतो, त्यांत कोणी त्यास कंजूष किंवा भित्रा म्हणत नाहीं. ज्यांस एवढा खटाटोप नको, त्यांनीं एकच पेटी दगडी ओट्यावर ठेवून हौस भागवावी. परंतु ज्यांस चार पेट्यांवर चार पैसे मिळवावयाचे आहेत, त्यांनीं माशांवर पहिला रुपया खर्च करण्याआधीं तो लांकडावर करावा, इतकें सुचवून हा लेख पुरा करतों.